खराटा हाती घेतलेला संत

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकरांनी १९०५ मध्ये गृहत्याग केला. हाती खराटा, डोक्यावर फुटके गाडगे. त्यावरूनच ते गाडगेबाबा झाले. गावात शिरताच ते कुणाला न सांगता रस्ते झाडू लागत. म्हातारा घाण उपसतो आहे, हे पाहून ग्रामस्थही ओशाळून हाती झाडू घेत. अन्नही ते श्रमाच्या मोबदल्यातच स्वीकारीत. रात्री, झाडलेल्या त्याच गावात, कीर्तन रंगे. पंढरीच्या वारीत अस्पृश्य मानलेल्यांना निवारा दुर्मीळ. त्यांच्यासाठी बाबांनी लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा उभारली. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावनजीक प्रवासातच त्यांचे देहावसान झाले.