लॉर्ड एल्को : नागरिक सैनिकांचे कैवारी

फ्रान्सिस चार्टरिस ऊर्फ लॉर्ड एल्को यांचा जन्म १८१८ मध्ये एका स्कॉटिश उमराव घराण्यात झाला. १८५९ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये स्वयंसेवक पथके उभी राहू लागली, तेव्हा लंडनमधील स्कॉटिश रहिवाशांच्या ‘लंडन स्कॉटिश’ पथकाचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले. स्कॉटिश कुळांचे रंग निरनिराळे. त्यावरून मानापमान होऊ नयेत आणि सैनिक शत्रूच्या नजरेत भरू नये, म्हणून त्यांनी सर्वांसाठी एकच करडे कापड निवडले. नेमबाजीच्या उत्तेजनार्थ त्यांनी दिलेल्या ‘एल्को ढाली’ची स्पर्धा १८६२ पासून सुरू झाली.

सामान्य नागरिकाच्या हाती विश्वासाने बंदूक देणाऱ्या या उमरावाने १८६६ मध्ये मताधिकार वाढविणाऱ्या विधेयकास मात्र कडाडून विरोध केला. तथापि, करारभंगाबद्दल मजुरास तुरुंगात धाडणारा कायदा पुढच्याच वर्षी सौम्य झाला, तो त्यांच्याच पुढाकाराने.

३० जून १९१४ रोजी त्यांचे निधन झाले. पाच आठवड्यांनी ब्रिटन महायुद्धात उतरले. ऑक्टोबरअखेर बेल्जियममधील मेसिन येथे त्यांचे ‘लंडन स्कॉटिश’ पथक लढले. नागरिक स्वयंसेवकांच्या पायदळांपैकी रणांगणावर शत्रूला भिडलेले ते पहिले पथक ठरले.