पंडिता रमाबाई आणि लेकरांची शाळा

नेरळाच्या आसपास, माथेरानच्या पायथ्याशी, ठाकूर व कातकरी लोकांच्या पुष्कळ वाड्या आहेत. सकाळच्या वेळी अशा एखाद्या वाडीत गेले असता एक देखावा दृष्टीस पडतो. आईबाप मजुरीस गेलेले असतात, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडास कडेवर घेऊन दारात उभी असते. शाळेची घंटा होते, पण ती तिच्याकरिता नसते. लहान लेकरू व त्याला सांभाळणारी ह्या दोघींचे हित असे एकमेकांत गुंतलेले आहे; एकीची आबाळ झाली की दुसरीचीही होते. ही गोष्ट ज्यांनी फार पूर्वी ओळखली व तिजवर उपायही केला, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र ह्या दृष्टीने पुन्हा एकदा पाहण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान होते. स्त्रियांना संस्कृत शिकविणे हा त्या काळी अपराध समजला जाई. तरी शास्त्रीबुवांनी लोकनिंदा सोसून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. पुढे दारिद्र्य आल्यामुळे कुटुंबास अरण्य सोडून तीर्थोतीर्थी फिरावे लागले. त्या वेळी रमाबाई इतक्या लहान होत्या की, त्यांना टोपलीत घालून डोक्यावरून न्यावे लागले. वडील वृद्ध झालेले असल्यामुळे मुलीस शिकविण्याचे काम आईने पत्करिले. दिवसभर घरकामातून सवड मिळत नसे. म्हणून पक्षी जागे होण्याच्या सुमारास ती मुलीस उठवी, जवळ घेई आणि तिजकडून श्लोक पाठ करून घेई. रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. शिकलेली आई हीच त्यांची पहिली शाळा होय.

पुढे दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास थोड्याच अवधीत वडील, आई व थोरली बहीण ही तिघेही निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघे हजारो मैल पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधूही गेले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा नावाची कन्या झाली; आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, आणि पदरी एक वर्षाचेही नव्हते असे मूल होते.

त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली त्या विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज येथील धर्मभगिनींच्या सहवासात त्यांना ख्रिस्ताच्या दयेची ओळख पटली, आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी काही काळ अध्ययन केले.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी गेल्या. तेथे त्यांना बालकांच्या एका निराळ्याच शाळेचा परिचय झाला. ह्या पद्धतीचा जनक फ्रीडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) हा जर्मनीतील एका पाळकाचा मुलगा. त्याची आई तो तान्हा असतानाच वारली होती. १८३७ साली त्याने ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी शाळा काढली, आणि पुढे तिला मुलांची बाग असा अर्थ होईल असे किंडरगार्टन हे नाव दिले. माळी रोपट्यास ओढून वाढवीत नाही. पाणी, माती व ऊन ह्यांची काळजी घेतो. तसेच बालकाचे करावे, असे त्याचे मत होते. म्हणून तो लोकरीचे चेंडू व लाकडी ठोकळे मुलांच्या हाती देई, त्यांजकडून गाणी म्हणवी, बागेत काम करवी. छडी व घोकंपट्टी ह्यांना तेथे स्थान नव्हते.

रमाबाई पंडिता असूनही विद्यार्थिनी होऊन ही पद्धती शिकल्या. त्यांच्या ध्यानात असे आले की, ह्या शाळेला ममतेने मुलांत रमणारी स्त्री लागते. आणि आपल्या देशात तर हजारो बालविधवा घरोघरी राबत आहेत. त्या दुसऱ्यांची मुले सांभाळतात, पण त्या कष्टाला मान नाही, मोल नाही, आणि मंगलप्रसंगी त्यांची सावलीही नकोशी होते. अशा भगिनीला शिक्षण देऊन बालकांची शिक्षिका केले, तर मूल सुधारेल व तीही आपल्या पायांवर उभी राहील. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात विधवांना शिक्षिका व परिचारिका करण्याची योजना त्यांनी मांडिली. ती वाचून अमेरिकेतील मित्रांनी बोस्टन येथे मंडळ स्थापून दहा वर्षे साह्य करण्याचे अभिवचन दिले. मराठी शाळांसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही बाईंनी तेथेच हाती घेतले. कारण रीत परदेशातून आणली तरी मुलाशी बोलणे मुलाच्याच भाषेत झाले पाहिजे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. नेरळावरून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकास, पुण्यास, ते पुढल्या वर्षी नेण्यात आले. येथे बालोद्यानाची पद्धती मराठी मुलींना शिकविली जाऊ लागली. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. बाई स्वतःही परदेशात असताना शाकाहार सोडीत नसत. तथापि काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी राजीनामे दिले व कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बाईंनी दार बंद केले नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. ज्या दुष्काळाने त्यांचे आईबाप नेले, तोच आता दुसऱ्यांच्या लेकरांना गिळीत होता. सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना केडगाव येथे, बाईंनी विकत घेतलेल्या जमिनीवर ठेवावे लागले, आणि तेथे १८९८ साली मुक्ती सदन उभे राहिले. गुजराथेतील १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजाराहून अधिक झाली. ह्या मुलांपुढे आल्याबरोबर पाटी ठेवून भागण्यासारखे नव्हते. आधी अंघोळ, पेज, औषध आणि निर्धास्त झोप, मग खेळ व गाणे, मग अक्षर. मुक्ती सदनातील बालशाळेत सुमारे ४०० मुलांची सोय होती, आणि शिक्षिका तयार करण्याचा वर्गही तेथेच होता. अशा रीतीने कालची अनाथ मुलगी उद्याच्या अनाथाची गुरू होई.

आयुष्याची शेवटली वर्षे बाईंनी पवित्र शास्त्राचे मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या.

उपदेशक बंधूंनो व भगिनींनो, हे चरित्र वाचून हळहळणे पुरेसे नाही. १९७५ सालापासून सरकारने एकात्मिक बालविकास योजना चालविली आहे, आणि तिच्या अंगणवाड्या आता बहुतेक गावांत आहेत. आपल्या मंडळीतले प्रत्येक लेकरू तेथे पोहोचते की नाही, हे पाहणे आपले काम आहे. दसरा-दिवाळीनंतर जी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, त्यांच्या मुलांची त्या महिन्यांत कोण सोय करील, हे निघण्यापूर्वीच विचारावे. जेथे काहीच सोय नाही, तेथे प्रार्थनामंदिराची पडवी सकाळी मोकळीच असते. मंडळीत एखादी एकाकी विधवा भगिनी असेल, तर तिला ते काम सन्मानाने सोपवावे, आणि तिच्या श्रमाचे मोल मंडळीने वर्गणी करून द्यावे. प्रभूने बालकांना जवळ घेतले तेव्हा शिष्य त्यांना आणणाऱ्यांस दटावीत होते. आपण त्या शिष्यांत मोडू नये. वाडीतल्या त्या दारात उभ्या असलेल्या मुलीच्या कडेवरचे ओझे उतरले, म्हणजे तिचीही शाळेची वाट मोकळी होईल.