श्रीसमर्थ रामदासस्वामी आणि त्यांचे बागप्रकरण

वाटूर पंचक्रोशीला ज्या थोर पुरुषांचा शेजार लाभला, त्यांत श्रीसमर्थ रामदासस्वामींचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे त्यांचे जन्मगाव. शके १५३० (इ. स. १६०८) च्या चैत्र शुद्ध नवमीस, ऐन रामजन्माच्या मुहूर्तावर, सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी नारायण जन्मास आला. वडील सूर्योपासक, थोरले बंधू गंगाधरपंत रामभक्त. नारायण मात्र लहानपणी घरात कमी आणि झाडांवर व पाण्यात जास्त असे, असे चरित्रकार सांगतात. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून त्यांनी पलायन केले, ही कथा तर आबालवृद्धांना ठाऊकच आहे.

नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तपश्चर्या झाली. गोदावरी-नंदिनीच्या संगमात उभे राहून जप करावा, दुपारी भिक्षा मागावी, हा नित्यक्रम. पुढची बारा वर्षे भारतभर पायी भ्रमण. हे भ्रमण सुरू झाले त्याच सुमारास, इ. स. १६३० ते १६३२ या काळात, दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. देहूच्या तुकोबांचा संसार याच दुष्काळाने उद्ध्वस्त केला. ओस पडलेली गावे आणि अन्नान्न झालेली माणसे समर्थांनी पाहिली, आणि त्या काळाची दैना आपल्या काव्यातही आणली. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला त्या मराठवाड्याच्या माणसाला ती दैना समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे ते कृष्णाकाठी स्थिरावले. इ. स. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले, आसपास अकरा मारुतींची स्थापना झाली. मठ, महंत, बलोपासना या त्यांच्या कार्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने त्यांच्या एका लहानशा काव्याकडे फारसे कोणी वळत नाही. ते म्हणजे बागप्रकरण.

या प्रकरणात कथा नाही, उपदेश नाही. आहेत ती केवळ झाडाझुडपांची नावे, एकामागून एक, ओवीत गुंफलेली. वाचणाऱ्याला प्रथम नवल वाटते की बागेच्या वर्णनाचा आरंभ गुलाब-मोगऱ्याने न होता काट्यांनी होतो. हिंवर, खैर, नेपती, चिलार, सागरगोटी अशी काटेरी मंडळी आधी येतात; फळझाडे, फुलझाडे, वेली मागाहून. शेतकऱ्याला मात्र यात नवल नाही. कुंपण आधी, मग लावणी. नाहीतर गुरे-शेळ्या काय ठेवणार? समर्थ ब्रह्मचारी गोसावी खरे, पण बाग कशी राखावी लागते हे त्यांना पक्के ठाऊक होते. हिंवर-नेपती ही तर माळरानाची झाडे, ज्यांना कोणी हौसेने लावत नाही. त्यांनाही समर्थांनी काव्यात जागा दिली. बांध अरुंद होत गेले तशी ही झाडे दिसेनाशी होत चालली आहेत. जांबेच्या लेकराने लिहिलेली ही नावे आज जांबेच्याच पोरांना ओळखता येतील की नाही, अशी शंका येते.

दासबोधाच्या सोळाव्या दशकातही सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नी व वायू यांवर स्वतंत्र समास आहेत. माणूस पृथ्वीला खणतो, नांगरतो, तिच्यावरच सगळी घाण टाकतो. तरी ती सर्वांना पोसते आणि तिच्यावाचून कोणाला थारा नाही, हे समर्थ तिथे कळकळीने मांडतात. पाण्याच्या समासात नद्या, तळी आणि भूमीच्या पोटातले झरे येतात. उसात आणि फळांत जो रस भरतो तोही पाण्याचाच, हेही ते सांगून जातात. शिवथरघळीत, धबधब्याच्या सान्निध्यात दासबोध लिहिला गेला अशी परंपरा आहे. त्या घळीचे वर्णनही त्यांनी निराळ्या काव्यात केले आहे.

शेवटची वर्षे सज्जनगडावर गेली. माघ वद्य नवमी, शके १६०३ (इ. स. १६८२) रोजी समर्थांनी देह ठेवला. दोन शतकांनंतर धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापून मठामठांतून समर्थांच्या वाङ्मयाची जुनी बाडे गोळा केली. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात ती जतन केलेली आहेत.