माँ ब्लाँवर पहिल्यांदा चढणारे दोघं होते, मग पुतळा एकाचाच का उभारला?

फ्रान्समधल्या शामोनी गावाच्या चौकात १८८७ सालचा एक पुतळा आहे. झाक बाल्मा नावाचा गडी हात वर करून माँ ब्लाँ शिखराकडे बोट दाखवतोय आणि शेजारी द सोस्युर नावाचे शास्त्रज्ञ बघतायत. माँ ब्लाँ म्हणजे आल्प्समधलं सगळ्यात उंच शिखर, साधारण ४,८०० मीटर. आता गंमत बघा, सोस्युर वर पोहोचले ते १७८७ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी बाल्मासोबत जो पहिल्यांदा वर गेला होता, तो माणूसच या पुतळ्यात नाही.

त्याचं नाव डॉ. मिशेल-गाब्रिएल पाकार.

पाकारचा जन्म १७५७ चा, शामोनीचाच. वडील गावचे नोटरी. पोराने तुरिनला जाऊन वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि गावात येऊन डॉक्टरकी सुरू केली. तोवर सोस्युर यांनी शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर करून बरीच वर्षं झाली होती. पाकारला मात्र ओढ होती ती वर जाऊन हवेचा दाब आणि तापमान मोजायची.

त्याने जोडीला घेतला डोंगरात स्फटिक शोधून विकणारा बाल्मा. ८ ऑगस्ट १७८६ ला दोघं शिखरावर पोहोचले, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. दोर नाही, शिडी नाही, हातात फक्त लोखंडी टोकाच्या लांब काठ्या. तशातही डॉक्टरने बॅरोमीटर काढून नोंदी घेतल्याच. उतरताना बर्फाच्या चकाकीने त्याचे डोळे गेल्यासारखे झाले होते.

खरा खेळ खाली आल्यावर झाला. बक्षीस बाल्माला मिळालं. बूरी नावाच्या लेखकाला स्वतःला हे शिखर जमलं नव्हतं, त्याने लिहून टाकलं की सगळं श्रेय बाल्माचं. पाकारने स्वतःचं पुस्तक जाहीर केलं, पण ते कधी आलंच नाही. १८२७ मध्ये तो वारला. पुढे १८३२ मध्ये अलेक्झांडर ड्युमा, तेच थ्री मस्केटिअर्सवाले, म्हाताऱ्या बाल्माला भेटले. त्यांनी रंगवलेल्या गोष्टीत डॉक्टर म्हणजे बाल्माने कसंबसं वर ओढून नेलेलं ओझं. उलटं बोलायला पाकार हयात नव्हता.

तोवर शामोनी पार बदललं होतं. गुराख्यांच्या या गावात १८२१ मध्येच गाईड लोकांची संघटना उभी राहिली होती. गिर्यारोहकांसोबत पैसाही खोऱ्यात येत होता. अशा गावाला आपला एक हिरो लागतो, आणि त्यासाठी शहरात शिकलेल्या डॉक्टरपेक्षा रांगडा गाईड जास्त शोभतो, असं आपलं मत.

पण त्या दिवशी खालून दुर्बिणीतून फोन गेर्सडॉर्फ नावाचा एक जर्मन माणूस चढाई बघत होता. त्याने नोंदी आणि रेखाटनं करून ठेवली होती. विसाव्या शतकात अभ्यासकांनी ती तपासली, तेव्हा पाकारही बरोबरीने चढला होता हे कळलं.

१९८६ मध्ये, चढाईला २०० वर्षं झाल्यावर, शामोनीने पाकारचा वेगळा पुतळा बसवला. गावातल्या बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यालाही आज त्याचंच नाव आहे. चौकातला जुना पुतळा मात्र आहे तिथेच आहे.