पाहणारा डोळा

(अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे तयार करण्यासाठी डोरोथी यूस्टिस यांनी आपली संपत्ती आणि आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली. या पाठात त्यांची ओळख करून दिली आहे. त्यांच्या कामात मुलांचा वाटा किती मोठा आहे, हेही या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि घरातल्या घरात दहा पावले चालून पाहा. लगेच तुमचे हात पुढे जातील. पाऊल अडखळेल. समोर खुर्ची आहे की भिंत, हे कळणार नाही. आता विचार करा. ज्याला दिसत नाही, त्याला रोज गर्दीच्या रस्त्यातून जावे लागते. कुठे खड्डा असतो, कुठे दगड असतो. मोटारी धावत असतात. अशा वेळी तो कोणाची तरी वाट पाहत उभा राहतो. कोणी हात धरला, तरच तो पुढे जातो.

पण जगातील अनेक देशांत तुम्हांला वेगळे दृश्य दिसेल. तिथे काही अंध माणसे रस्त्याने एकटी, ताठ मानेने आणि भराभर चालत जातात. त्यांच्या डाव्या बाजूला एक कुत्रा असतो. कुत्र्याच्या अंगावर चामड्याचा पट्टा असतो. त्या पट्ट्याला एक कडक मूठ असते. ती मूठ अंध माणसाच्या हातात असते. कुत्रा थांबला की तो थांबतो, कुत्रा वळला की तो वळतो. हा असतो वाटाड्या कुत्रा. अमेरिकेत असे कुत्रे तयार करणारी शाळा ज्या बाईंनी काढली, त्यांचे नाव डोरोथी यूस्टिस.

डोरोथी यांचा जन्म १८८६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. त्यांचे घराणे श्रीमंत होते. वडील साखरेच्या व्यवसायात होते आणि पुढे ते तेथील विद्यापीठाचे प्रमुख झाले. डोरोथी यांना लहानपणी कशाचीच कमतरता नव्हती. लग्नानंतर त्या न्यूयॉर्क राज्यातील एका गावी राहू लागल्या. तिथे त्यांची शेती होती, गाईगुरे होती. अधिक दूध देणाऱ्या गाईंची पैदास कशी करावी, याचा त्यांनी आणि त्यांच्या पतीने अभ्यास केला. परंतु १९१५ साली त्यांचे पती वारले. दोन मुलांची जबाबदारी डोरोथीबाईंवर येऊन पडली.

डोरोथीबाईंकडे हान्स नावाचा एक जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा होता. तो फार हुशार आणि इमानी होता. हान्सकडे पाहून त्यांच्या मनात एक विचार आला. चांगल्या गाईंची पैदास करता येते, तर मग हान्ससारख्या गुणी कुत्र्यांची पैदास का करू नये? कुत्रा म्हणजे केवळ घराची शोभा नव्हे. त्याला योग्य शिक्षण दिले, तर तो माणसाची मोठी कामे करील, असे त्यांना वाटू लागले.

पुढे डोरोथीबाई युरोपात स्वित्झर्लंड देशात राहायला गेल्या. जिनिव्हा सरोवराच्या काठी व्हेवे नावाचे गाव आहे. त्या गावाच्या वरच्या डोंगरावर त्यांनी कुत्र्यांचे केंद्र सुरू केले. त्या जागेचे नाव होते फॉर्च्युनेट फील्ड्स, म्हणजे भाग्यवान शेते. घोड्यांना शिकवण्याचा अनुभव असलेले जॅक हंफ्री हे त्यांचे मुख्य साहाय्यक होते. तिथे तयार झालेले कुत्रे स्वित्झर्लंडच्या सैन्यात आणि पोलीस खात्यात काम करू लागले.

त्याच सुमारास डोरोथीबाईंनी शेजारच्या जर्मनी देशातील एका वेगळ्या कामाबद्दल ऐकले. १९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले होते. विषारी वायू आणि तोफगोळे यांमुळे हजारो सैनिकांचे डोळे गेले होते. त्यांना मदत व्हावी म्हणून १९१६ साली जर्मनीतील ओल्डेनबर्ग येथे वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली होती. पुढे बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम शहरातही अशी शाळा सुरू झाली. डोरोथीबाई पॉट्सडॅमला गेल्या. एरवी चाचपडत चालणारा माणूस पट्ट्याची मूठ हातात येताच सरळ उभा राहतो आणि न घाबरता रस्त्यावर चालू लागतो, हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्यांनी यावर एक लेख लिहिला. ५ नोव्हेंबर १९२७ रोजी तो अमेरिकेतील एका प्रसिद्ध साप्ताहिकात छापून आला. लेखाचे नाव होते द सीइंग आय, म्हणजे पाहणारा डोळा.

हा लेख अमेरिकेतील नॅशव्हिल गावच्या एका माणसाने आपल्या मुलाला वाचून दाखवला. मुलाचे नाव मॉरिस फ्रँक. मॉरिस त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. सहा वर्षांचा असताना घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून त्याचा एक डोळा गेला होता. सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसरा डोळाही गेला. त्याची आईसुद्धा अंध होती. लहानपणी तोच आईचा हात धरून तिला रस्त्याने नेत असे. आता त्याचाच हात दुसऱ्याने धरावा लागत होता. कुठेही जायचे, तर पगारी मुलगा सोबत घ्यावा लागे. केस कापायला गेला, तरी न्यायला कोणी येईपर्यंत त्याला दुकानातच बसून राहावे लागे.

लेख ऐकून मॉरिसच्या मनात आशा निर्माण झाली. त्याने डोरोथीबाईंना पत्र लिहिले. आपल्याला असा कुत्रा मिळावा, अशी त्याने विनंती केली. पण तो एवढ्यावरच थांबला नाही. आपल्या देशातील इतर अंध माणसांनाही असे कुत्रे मिळवून देण्यासाठी आपण काम करू, असे वचन त्याने दिले. मुलांनो, येथे लक्ष द्या. तो केवळ स्वतःसाठी मागत नव्हता. डोरोथीबाईंना हीच गोष्ट फार आवडली. त्यांनी मॉरिसला स्वित्झर्लंडला बोलावून घेतले.

१९२८ सालच्या वसंत ऋतूत मॉरिस बोटीने निघाला. अंध माणूस एकटा प्रवास कसा करणार, असे त्या वेळी सर्वांना वाटे. म्हणून त्याला एका वाहतूक कंपनीच्या ताब्यात देऊन एखाद्या पार्सलसारखे पाठवण्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये त्याला एक कुत्री मिळाली. मॉरिसने तिचे जुने नाव बदलून बडी असे नवे नाव ठेवले. बडी म्हणजे दोस्त. जॅक हंफ्री यांनी दोघांना कित्येक आठवडे शिकवले. सुरुवातीला मॉरिस अनेकदा चुकला. पण हळूहळू तो बडीवर विश्वास ठेवायला शिकला. एके दिवशी तो कोणालाही बरोबर न घेता बडीसोबत केस कापायला गेला आणि स्वतःच परत आला. काम साधेच होते, पण त्या दिवशी त्याला आकाश ठेंगणे झाले.

जून १९२८ मध्ये मॉरिस आणि बडी न्यूयॉर्कला उतरले. पत्रकारांचा मॉरिसच्या बोलण्यावर विश्वास बसत नव्हता. त्यांनी त्याला तेथील अतिशय वर्दळीचा रस्ता ओलांडून दाखवायला सांगितले. ट्रक आणि घोडागाड्या धावत होत्या. मॉरिसने पट्ट्याची मूठ घट्ट धरली. बडी थोडी पुढे गेली, थांबली, मागे सरकली आणि पुन्हा पुढे निघाली. बघता बघता दोघे पलीकडे पोहोचले. मॉरिसने डोरोथीबाईंना यश मिळाल्याची एका शब्दाची तार केली.

२९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिल येथे शाळेची स्थापना झाली. लेखाचेच नाव शाळेला देण्यात आले. पहिल्या वर्गात फक्त दोन विद्यार्थी होते. काही वर्षांतच ही शाळा न्यू जर्सी राज्यात गेली. डोरोथीबाई तिच्या अध्यक्ष होत्या. शाळेसाठी त्यांनी आपले पुष्कळ धन खर्च केले. तरीही कुत्रा फुकट द्यायचा नाही, असे शाळेने ठरवले होते. पहिल्या कुत्र्यासाठी दीडशे डॉलर ही रक्कम ठरली. प्रत्यक्ष खर्च याहून कितीतरी जास्त होता आणि ही रक्कमही सवडीने देता येत असे. मग पैसे कशासाठी? कारण अंध माणसाला दया नको असते, मान हवा असतो. हा कुत्रा माझ्या कमाईचा आहे, असे त्याला अभिमानाने सांगता यावे, हा त्यामागचा हेतू होता.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. असे शहाणे कुत्रे येतात कुठून? केवळ कुत्र्यांच्या आवारात वाढलेल्या पिल्लाला जगाची ओळख होत नाही. बसचा आवाज, बाजारातील गर्दी, जिना, पाऊस, लहान मुलांचा गोंगाट यांची त्याला सवय नसते. ते बिचकते. म्हणून पिल्लू घरात आणि माणसांत वाढले पाहिजे. यासाठी शाळेने १९४२ साली न्यू जर्सीतील कुटुंबांची मदत घेतली. अमेरिकेत फोर-एच नावाची मुलामुलींची मंडळे आहेत. खेड्यापाड्यांतील मुले त्यांत शेती आणि पशुपालन शिकतात. या मंडळांतील मुलांनी पिल्ले सांभाळण्याचे काम आनंदाने स्वीकारले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. साधारण सात-आठ आठवड्यांचे पिल्लू घरी येते. ते रात्री रडते. चपला आणि पुस्तके चावते. घर घाण करते. मुले न कंटाळता त्याला शिकवतात. बस म्हटले की बसायचे, बोलावले की यायचे, ताटातले ओढायचे नाही, मांजर दिसले तरी धावायचे नाही. त्याला बाजारात न्यायचे, गर्दीतून फिरवायचे. यासाठी मुलांना पगार मिळत नाही. एक वर्षाहून अधिक काळ असा जातो. पिल्लू घरचेच होऊन जाते.

आणि मग एक दिवस शाळेची गाडी दाराशी येते. पिल्लू परत द्यायचे असते. मुलांचे डोळे भरून येतात. पुढे शाळेत त्या कुत्र्याला सुमारे चार महिने शिक्षण मिळते. मग तो अंध माणसाच्या हाती सोपवला जातो. त्याआधी, शिक्षण पूर्ण होत आले की, त्याला सांभाळणाऱ्या कुटुंबाला बोलावले जाते. आपला कुत्रा शिक्षकाला रस्त्यातून कसा नेतो, हे ते लांबून पाहतात. त्याला हाक मारायची नसते, कारण त्याचे लक्ष कामावरून उडता कामा नये. आपल्या पायांत लुडबुडणारे पिल्लू आज एवढे मोठे काम करते, हे पाहून मुलांचा ऊर भरून येतो. पुष्कळ मुले त्यानंतर दुसरे पिल्लू घरी आणतात.

वाटाड्या कुत्र्याला रस्ता माहीत असतो, असा काहींचा समज आहे. तसे नाही. कुठे जायचे, हे अंध माणूसच ठरवतो. रस्ता कधी ओलांडायचा, हेही तो वाहनांचा आवाज ऐकून ठरवतो. कुत्रा पायरीशी थांबतो, खड्डा आणि खांब चुकवतो. आणखी एक विशेष गुण त्याला शिकवलेला असतो. धन्याने पुढे चल म्हटले, पण समोरून मोटार येत असली, तर तो हुकूम मानत नाही. धन्याच्या जिवासाठी तो जागचा हलत नाही.

१९३८ साली बडी मरण पावली. त्यानंतरच्या प्रत्येक कुत्र्याचे नाव मॉरिसने बडी हेच ठेवले. दिलेल्या वचनाप्रमाणे तो गावोगाव फिरला. अशा कुत्र्यांना आगगाडीत, हॉटेलात आणि दुकानांत प्रवेश मिळावा, म्हणून तो झटला. डोरोथीबाई १९४६ साली न्यूयॉर्क येथे वारल्या. तेव्हा मुलांच्या घरी पिल्ले वाढवण्याचे काम सुरू होऊन चार वर्षे झाली होती. त्यांच्या शाळेने आजवर सतरा हजारांहून अधिक कुत्रे अंध व्यक्तींना दिले आहेत.

मुलांनो, असा कुत्रा कधी कामावर दिसला, तर त्याला हाक मारू नका, खाऊ देऊ नका. रस्त्यात अंध व्यक्ती भेटली, तर एकदम तिचा हात ओढू नका. मदत हवी का, असे आधी विचारा. डोरोथीबाईंनी अंधांना दृष्टी दिली नाही, ती कोणाच्याच हाती नव्हती. पण त्यांनी त्यांना आपल्या मर्जीने घराबाहेर पडण्याचे स्वातंत्र्य दिले. त्या स्वातंत्र्याच्या मुळाशी एखाद्या मुलाने डोळे पुसत परत दिलेले एक पिल्लू असते, हे विसरू नका.

शब्दार्थ

वाटाड्या – वाट दाखवणारा
पैदास – जनावरांची वाढ करणे
चाचपडणे – हातांनी स्पर्श करीत वाट शोधणे
वर्दळ – ये-जा, गर्दी
आकाश ठेंगणे होणे – खूप आनंद होणे
बिचकणे – एकदम घाबरणे
झटणे – खूप कष्ट घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डोरोथीबाईंच्या लेखाचे नाव काय होते?
(आ) बडी या शब्दाचा अर्थ काय?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिल्लू घरात आणि माणसांत वाढवणे का आवश्यक असते?
(आ) कुत्रा फुकट न देण्यामागे शाळेचा कोणता हेतू होता?
(इ) वाटाड्या कुत्रा धन्याचा हुकूम केव्हा मानत नाही?

३. तुम्ही एक वर्ष सांभाळलेले पिल्लू परत द्यायचे आहे. त्या दिवशी तुमच्या मनात कोणते विचार येतील, ते आठ-दहा ओळींत लिहा.