किंतारो हत्तोरी

किंतारो हत्तोरी (१८६० - १ मार्च, १९३४) हे जपानी उद्योजक व सेइको या घड्याळ कंपनीचे संस्थापक होते. जपानमध्ये घड्याळनिर्मितीचा उद्योग रुजवणाऱ्यांमध्ये त्यांची प्रामुख्याने गणना होते.

पूर्वजीवन

हत्तोरी यांचा जन्म आजच्या तोक्योमधील क्योबाशी भागात झाला. त्यांचे वडील जुन्या वस्तूंचा व्यापार करीत. लहान वयातच ते एका दुकानात उमेदवारी करू लागले. पावसात गिऱ्हाईक नसले, तरी शेजारच्या घड्याळजीचे दुरुस्तीचे काम चालू राहते, हे पाहून त्यांनी हा व्यवसाय निवडला. त्याच सुमारास, १८७३ साली, जपानने ऋतूनुसार लहानमोठे होणारे प्रहर सोडून चोवीस समान तासांची कालगणना स्वीकारली. त्यामुळे पाश्चात्त्य घड्याळांची मागणी वाढली.

व्यवसाय

१८८१ साली हत्तोरी यांनी स्वतःचे दुकान काढले. १८८३ मध्ये ते आगीत जळाले, परंतु त्यांनी ते पुन्हा उभारले. योकोहामातील परदेशी व्यापाऱ्यांची देणी ते ठरल्या दिवशी चुकती करीत. त्यामुळे नवा माल त्यांना सहज मिळू लागला. १८९२ साली अभियंते त्सुरुहिको योशिकावा यांच्या साहाय्याने त्यांनी सेइकोशा हा कारखाना सुरू केला. तेथे प्रथम भिंतीवरची लंबकाची घड्याळे तयार झाली. १८९५ मध्ये खिशातील घड्याळ आणि १९१३ मध्ये लॉरेल हे जपानचे पहिले मनगटी घड्याळ तयार झाले.

१९२३ चा भूकंप

१ सप्टेंबर, १९२३ रोजीच्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत कारखाना व मुख्यालय नष्ट झाले. दुरुस्तीसाठी आलेली ग्राहकांची सुमारे १,५०० घड्याळेही जळाली. हत्तोरी यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन ग्राहकांना त्याच तोडीची नवी घड्याळे विनामूल्य दिली. पुढच्याच वर्षी सेइको हे नाव असलेले पहिले मनगटी घड्याळ बाजारात आले.

१९२७ मध्ये त्यांची जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर नियुक्ती झाली. १९३० साली त्यांनी विज्ञान संशोधनाला साहाय्य करणारी हत्तोरी होकोकाई ही संस्था स्थापन केली.

वारसा

हत्तोरी यांच्या हयातीतील घड्याळे यांत्रिक होती. त्यांत गुंडाळलेल्या स्प्रिंगमधील ऊर्जेवर चाके फिरतात आणि लंबक किंवा तोलचाक त्यांची गती ठरवते. २५ डिसेंबर, १९६९ रोजी कंपनीने अ‍ॅस्ट्रॉन हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. त्यातील गारेचा स्फटिक विजेरीच्या प्रवाहावर सेकंदाला ८,१९२ वेळा कंप पावत असे. या घड्याळात महिन्याला पाच सेकंदांपर्यंतच फरक पडे. स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांच्या प्रसारानंतर स्वित्झर्लंडमधील अनेक जुने कारखाने बंद पडले. सेइकोने मात्र यांत्रिक घड्याळांची परंपरा सोडली नाही. ग्रँड सेइको घड्याळांसाठी १९९३ मध्ये ९एफ ही क्वार्ट्झ यंत्रणा, तर २०२० मध्ये ९एसए५ ही यांत्रिक यंत्रणा सादर झाली. ९एसए५ ताशी ३६,००० ठोके देते आणि पूर्ण किल्ली भरल्यावर ८० तास चालते.

हत्तोरी यांच्या हयातीत, १९३२ साली, गिंझा येथे बांधलेली कंपनीची घड्याळमनोऱ्याची इमारत आजही उभी आहे.