चिजा लिहून ठेवणारे अण्णासाहेब

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या गायनवर्गात ज्यांची पुस्तके आपण नेहमी उघडतो, त्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याविषयी चार ओळी लिहाव्यात असे वाटले. त्याला कारणही तसेच घडले.

भूप रागातली दुसरी चीज शिकताना माझी फजिती झाली. शब्द नवे, पण मध्येच पहिल्या चिजेतला तुकडा गळ्यातून येई. मी चुकले असे समजून गप्प बसले. तेव्हा बाईंनी सांगितले की ही चूक नव्हे. ‘ध प ग, रे, सा’ हा तुकडा भूपाच्या प्रत्येक चिजेत कुठे ना कुठे यायचाच. त्याच्यावरूनच राग ओळखतात. त्याला पकड म्हणतात. घरी आल्यावर मी पुस्तकातल्या भूपाच्या सगळ्या चिजा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि खरोखरच तसे दिसले. तालाचेही तेच. त्रितालातल्या कितीतरी चिजा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून उठतात आणि समेवर येतात. एवढे मला घरबसल्या कळले, ते कोणाच्या कष्टामुळे, हे मग मी शोधू लागले.

अण्णासाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वरी झाला. लहानपणापासून गाण्याची आवड. ते सतार शिकले. पारशी मंडळींनी १८७० साली स्थापन केलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी पुष्कळ गाणे ऐकले आणि शिकले. १८८७ साली ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले. प्रपंच नीट चालला होता. परंतु १९०० साली पत्नी गेली आणि १९०३ साली एकुलती एक मुलगीही गेली. घर रिकामे झाले. दुसरा कोणी खचून बसला असता. अण्णासाहेबांनी हळूहळू वकिली आवरली आणि उरलेले आयुष्य गाण्याला दिले.

त्या काळी विद्या गवयांच्या घराण्यांत बंद होती. एखादी चीज बापाकडून मुलाला मिळे, बाहेरच्याला नाही. गवई गेला की त्याच्याबरोबर चिजाही जात. अण्णासाहेब १९०४ साली दक्षिणेत गेले, पुढे उत्तरेत हिंडले. जुने ग्रंथ पाहिले. जयपूर, रामपूर, ग्वाल्हेर येथल्या गुणी लोकांकडे ते शिष्य होऊन बसले. हजाराहून अधिक चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत त्या आल्या. ही पुस्तके त्यांनी मूळ मराठीत लिहिली, हे आपले भाग्य.

चिजा अशा शेजारी शेजारी आल्यावर त्यांच्यातले नाते उघड झाले. दरबारी, अडाणा, नायकी हे राग वेगळे. पण तिन्हींत कोमल गंधाराचे ‘ग म रे सा’ हे वळण येते आणि कानड्याचे कूळ कळते. बहिणींच्या चेहऱ्यात आईची जिवणी दिसावी तसे. उलट भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच. पण भूप गंधारावर रेंगाळतो, देशकार धैवतावर. म्हणून अण्णासाहेबांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावलात. मीठ, तिखट, गूळ तोच असूनही दोन घरची आमटी वेगळी लागते, तसेच हे.

त्यांचे दहा थाट सर्वांनाच पटले असे नाही. पुस्तकावरून गाणे येते का, असेही लोक विचारीत. मींड आणि आंदोलन कागदावर मावत नाही, ते गुरूकडूनच घ्यावे लागते, हे खरे. पण निदान चीज तरी राहिली.

१९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी मोठी संगीत परिषद भरवली. १९१८ साली ग्वाल्हेरीस आणि १९२६ साली लखनौस विद्यालये सुरू झाली. लखनौचे विद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. शेवटी अर्धांगाच्या आजाराने त्यांना अंथरुणास खिळवले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, हे वाचल्यावर मला माझ्या आईची आठवण झाली. तिला जात्यावरच्या शेकडो ओव्या येत. शब्द निराळे, चाल एकच. मी एकही लिहून घेतली नाही. ती गेली आणि ओव्याही गेल्या. आपल्या मंडळात अजून वयस्क भगिनी आहेत. त्यांच्या ओव्या, भूपाळ्या, पाळणे या वर्षी आपण वहीत उतरवून घेऊ या. पहिली वही मी आणते.